खाली बघणारी फुलं

१

“तुझ्याच हातचा व्हता तो हार, वहिनी. पंचावन्न वर्षं झाली, तरी नाय म्हणतीस?”

“नाहीच म्हणणार. जे माझं नाही ते मी का पदरात घेऊ?”

“मग काय माझ्या हातचा व्हता?”

“ते तुझं तू बघ. तुझे हात, तुझी आठवण.”

“आली का आठवणीवर! सृष्टे, ते पुढं ने गं. शेवटचं गाणं लाव. आज होऊनच जाऊ दे.”

मी रिमोट उचलला आणि मांडीखाली घालून बसले.

ही बोलणारी अक्काबाई, माझी नणंद. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. नवरा गेल्यावर ती मखमलाबादच्या मळ्यात परत आली त्याला चाळीस वर्षं झाली, आणि चाळीस वर्षं आम्ही एका ताटात जेवतो आणि एका ओट्यावर भांडतो. मिठावरून भांडण होतं, पाण्याच्या पाळीवरून होतं, ते दिवेलागणीपर्यंत मिटतं. हे एक भांडण मात्र मिटवायचं नसतं. ते घडी करून ठेवायचं आणि सणावाराला काढायचं.

मी ठमाबाई. शाळेचं तोंड पाहिलं नाही. वाचायला शिकले ती तंबूच्या टॉकीजबाहेर मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्यांवर. गाणं पाठ असायचं, मग कुठलं अक्षर कुठला आवाज काढतं ते माझं मीच जुळवलं. कुणी शिकवलं नाही, म्हणून कुणी चूक काढायची नाही. सध्या चैत्राचं ऊन आहे आणि तरी मार्गशीर्षापासून मी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून फिरते, त्यावरून घरात दहा वेळा विचारून झालं. तोंडी मी कुणाला काही सांगणार नाही. वहीत लिहिते आहे, ज्याला पाहिजे त्याने वाचावं.

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट. सृष्टी माझी नात, निवृत्तीची मुलगी. तिचं लग्न आठ दिवसांवर आलेलं, निफाडचा मुलगा, शेखर. घरात पत्रिकांचे गठ्ठे, दाराशी मांडवाचे बांबू. आणि त्या धावपळीत या पोरीला फोनवर तो चित्रपट सापडला.

“आजी, बघ! तुमच्या जत्रेतला पिक्चर. कुणीतरी जुनी पेटी उघडून नेटवर टाकलाय.”

तिने तो टीव्हीवर जोडला. अर्धा पाहून झाला तोवर आमचं वरचं भांडण सुरू झालं होतं.

२

चित्रपटाचं नाव ‘उद्या दुसरं गाव’. तुम्ही ऐकलं नसेल. चार तंबूंत लागला आणि बंद झाला.

सत्तर साली ओझरच्या खंडेरायाच्या जत्रेत त्याचं शूटिंग झालं. मी सतरा वर्षांची, लग्नाला वर्ष झालेलं. सासूबाई, मी आणि अक्का, आम्ही तिघी पाल ठोकून हार विकायला बसायचो. शेजारी पाळणा, लाकडी, माणसांनी फिरवायचा. गर्दी ओढायला पाळणेवाल्याने एक गाणारा ठेवला होता. बारकू. आडनाव कुणी विचारलं नाही. गाव विचारलं तर म्हणायचा, “कालचं सांगू का उद्याचं?” चौकटीचा सदरा, विजारीची टोकं दुमडलेली, आणि आवाज असा की पाळण्यातली पोरं रडायची थांबायची.

मुंबईच्या लोकांनी नट बरोबर आणला होता. दिग्दर्शकाने बारकूला ऐकलं आणि नटाला परत गाडीत बसवून दिलं. कथा तरी दुसरी कुणाची होती? जत्रेत पाळण्यापाशी गाणारा एक फिरस्ता, त्याच्यावर जीव लावणारी बांगडीवाली, आणि जत्रा उठली की याचं निघून जाणं.

शेवटचं गाणं नऊ दिवस चाललं. जत्रा उठली तरी पाळणा आणि आजूबाजूच्या पालांतले आम्ही थांबलो. पडद्यावर ती एकच संध्याकाळ, म्हणून त्याच्या गळ्यातला हार रोज तसाच दिसायला पाहिजे. फुलं तर रोज सुकणार. म्हणून त्यांचा चष्मेवाला मदतनीस फोटो घेऊन पालावर यायचा. पाच झेंडू, एक पांढरी शेवंती, परत पाच झेंडू, खाली लाल गुलाबाचा गोंडा. रोज नवा हार, रोज तोच हार.

आता हाराचं एक सांगते. आमच्या घरात हार गोंड्यापासून वर ओवत जातात. जित्या माणसाचा हार असेल तर सुई देठातून घालायची आणि तोंडातून काढायची. म्हणजे फुलांची तोंडं वर राहतात, घालणाऱ्याच्या चेहऱ्याकडे. मयताचा हार असेल तर सुई तोंडातून घालून देठातून काढायची. फुलं खाली बघतात, पायांकडे. जाणाऱ्याला वाट दिसावी म्हणून, असं सासूबाई सांगायच्या. बाजारातल्या किती जणांना हे माहीत असेल मला ठाऊक नाही. आमच्यात हे पोरीला सुई हातात देताना पहिलं शिकवतात.

नवव्या दिवशी पहाटे शेजारच्या पालातला म्हातारा रेवडीवाला थंडीने गेला. सासूबाईंनी आम्हा दोघींना त्याच्या हारांना बसवलं. सहा हार ओवले. हात त्या वळणावर गेला. त्यानंतर लगेच चित्रपटाचा हार ओवला गेला, आमच्यातल्या एकीकडून.

मदतनिसाने फुलं मोजली, रंग बघितले, मान हलवली. बारकूने तो हार घातला आणि दिवसभर गायला.

संध्याकाळी पाळणा सुटा करून ट्रकवर चढवला, वणीच्या बाजूला जायला. बारकू मागे फळ्यांवर बसला. पाळणा वणीला पोचला. बारकू पोचला नाही. ट्रकवाला सांगायचा, “मागं गात व्हता. मग गाणं थांबलं. म्हटलं, झोपला.”

कुणी म्हणालं पळाला. कुणी म्हणालं सुरतेत दिसला. चित्रपटात शेवटी ट्रकवर पाठमोरा दिसतो तो बारकू नव्हे; दुसऱ्याच एकाला चौकटीचा सदरा घालून बसवलंय.

तेव्हापासून अक्का म्हणते तुझा हार, मी म्हणते तुझा.

३

सृष्टीने माझ्या मांडीखालून रिमोट काढलाच. मला गुदगुल्या होतात हे त्या पोरीला माहीत आहे.

“आजी, तुला नको तर डोळे मीट. आम्ही दोघी बघतो.”

शेवटचं गाणं सुरू झालं. मागे पाळणा फिरतोय, कर्र कर्र. दिवे. बारकू गर्दीतून चालत येतो आणि गातो, ‘आज इथं पाळणा, उद्या दुसरं गाव.’ पंचावन्न वर्षांनी तो आवाज घरात ऐकला आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. किती साधं म्हणायचा.

“थांबीव!” अक्का ओरडली.

चित्र थांबलं. रंग उडालेले, दाणे दाणे दिसत होते, पण हार दिसत होता. देठ वर. तोंडं खाली.

“बघ. आता गोंड्यापाशी बघ. दोरा कुठल्या अंगाला वळलाय?”

इथे हेही सांगून टाकते. मी डावखुरी. या घरात डाव्या हाताने सुई धरणाऱ्या दोघीच झाल्या, मी आणि सृष्टी. डाव्या हाताचा दोरा उलटा वळतो आणि गोंडा थोडा उजवीकडे कलतो. जाणत्याला लगेच कळतं. अक्काचा गोंडा ओळंब्यासारखा सरळ.

पण गोंडा दिसेना. बारकूने तो मुठीत धरला होता. फळ चाचपावं तसा.

“हात काढ रे मेल्या,” अक्का टीव्हीला म्हणाली.

सृष्टी हसत सुटली. तिने चित्र पुढे-मागे केलं. एका ठिकाणी तो खाली हाराकडे बघतो, मग समोर बघतो आणि काहीतरी बोलतो. गाणं चालूच राहतं.

“ओठ जुळत नाहीत बघ,” सृष्टी म्हणाली. “गाण्याचे शब्द नाहीत ते. काय म्हणत असेल?”

“जुने पिक्चर असेच,” मी म्हणाले, आणि उठून चहा टाकायला गेले.

४

आमची फुलांची खोली विहिरीच्या मोटारीच्या खोलीला लागून आहे. पत्र्याची, उत्तरेला एक खिडकी. सकाळपासून सावली, म्हणून फुलं टिकतात. जमीन कायम ओली. एका कोपऱ्यात नळ ठिबकतो, तो कितीदा दुरुस्त केला तरी ठिबकतो. खिडकीखालची जागा पन्नास वर्षं माझी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मी ती सृष्टीला दिली. अक्का दाराशी बसते, येणारा-जाणारा दिसावा म्हणून.

संध्याकाळी चाळीस-पन्नास हार होतात. ते पाट्यांत रचायचे, वर ओलं गोणपाट टाकायचं. सकाळी निवृत्ती टेम्पोने फुलबाजारात नेतो.

चित्रपट बघितला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गोणपाट उचललं. वरून तिसरा हार. फुलं खाली बघत होती.

“सृष्टे!”

“काय आजी?”

“हे काय? लग्न ठरलं म्हणून डोकं निफाडला ठेवून आलीस?”

तिने हार हातात घेतला, फिरवून बघितला. “मी असा कशाला ओवीन? मला नाही का कळत?”

“मग मी ओवला?”

“तू तर पाटीला हातही लावत नाहीस आता.”

हे तिने सहज म्हटलं, पण मला लागलं. मी तो हार उकिरड्यावर टाकला आणि दिवसभर तिच्याशी तुटक बोलले.

तिसऱ्या सकाळी चार हार तसे. चौथ्या सकाळी सात. सगळे डाव्या हाताचे. अक्काच्या हारांना काही झालं नव्हतं, एकालाही नाही. एक हार नजरचुकीने गेला आणि फुलबाजारातून निवृत्तीला फोन आला: कुणाच्या तरी साखरपुड्याला तो हार गेला आणि पोरीची आत्या बघूनच खाली बसली. बाहेर कुणाला तरी आमची रीत ठाऊक होती म्हणायची.

“सृष्टीचं लक्ष नाही,” माझी सून दीपमाला म्हणाली. “चार दिवस तिला बसवू नका.”

सोपं होतं ते. मीही तेच म्हणाले. पण पोरीचे डोळे भरले तेव्हा मला माहीत होतं की ती खोटं बोलत नाही. तिला सुई मी शिकवली. तिचा हात मला माझ्यासारखा ठाऊक आहे.

५

मी अशी भुताखेतांना भिणारी बाई नाही. विहिरीवर, शेतात, अमावस्येला-पौर्णिमेला मी एकटी फिरले आहे. माझं म्हणणं, प्रत्येक गोष्टीला कुणाचा तरी हात असतो, तो शोधायचा. माझा पहिला संशय अक्कावर. भांडण जिंकायला ती काहीही करेल.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चष्मा लावून एकेक हार तपासला. सगळे नीट. गोणपाट टाकलं, खोलीला कुलूप लावलं, किल्ली कनवटीला.

सकाळी अक्काला बरोबर घेऊन कुलूप काढलं. गोणपाट उचललं.

अकरा.

मी एक हार मांडीवर घेऊन दोऱ्याची गाठ बघितली. आदल्या संध्याकाळी हट्टाने बसलेल्या सृष्टीने मारलेली, जशीच्या तशी. गाठ न सोडता फुलं उलटी करायची तर फुलं फाटली पाहिजेत. एकही पाकळी फाटलेली नव्हती. फुलं रात्रीतून आपसूक वळावीत तशी वळली होती. सूर्यफूल वळतं तसं. फक्त इथे ती कुणाकडे तरी वळली होती, आणि ते कुणीतरी खाली होतं, जमिनीशी, उकिडवं बसावं तेवढ्या उंचीवर.

हे मनात आलं आणि मी स्वतःलाच शिवी दिली.

“वहिनी,” अक्का हळू म्हणाली, “किल्ली कुणाकडं व्हती?”

“माझ्याकडे.”

तिने माझ्या मांडीवरचा हार उचलून परत पाटीत ठेवला. अक्काने भांडण हातचं सोडलं म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही. चाळीस वर्षांत असं तीनदा झालं असेल.

त्या दुपारीही सृष्टी ऐकेना, परत ओवायला बसली. मी दाराशी अक्काच्या जागेवर पाय पसरून बसले. नळ ठिबकत होता. सुई फुलातून जाताना एक बारीक करकर होते, ती ऐकत माझा डोळा लागला असेल. सृष्टीच्या आवाजाने जाग आली.

“नाही हो, वर आहेत की,” ती म्हणत होती.

“कुणाशी बोलतेस?”

तिने मागे वळून बघितलं. “तू नाही का विचारलंस?”

“काय विचारलं?”

“‘आज फुलं खाली का बघतायत?’ म्हणून.” ती जरा गोंधळली. “नाही, आवाज... मला वाटलं बाबा आले खिडकीशी.”

मी उठून खिडकीबाहेर बघितलं. शेवंतीचे वाफे. पलीकडे निवृत्तीची सायकलही नव्हती.

तेच वाक्य. शब्दाला शब्द. ते जगात दोनच माणसांना ठाऊक होतं: म्हणणाऱ्याला, आणि त्या सकाळी पालाच्या तोंडाशी उभी राहून त्याच्या हातात हार देणारीला. पडद्यावर ओठ जुळत नाहीत तिथे तो तेच म्हणतोय, हे मी बघताक्षणी ओळखलं होतं. पालापाशी त्याने ते हसत विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही म्हणून दिवसभर विचारत राहिला असेल.

आता ती हार देणारी कोण, हे वाचणाऱ्याला कळलं असेल. मला तेव्हाही कबूल करवत नव्हतं.

६

सातव्या दिवशी सगळे पत्रिका द्यायला गेले. घरात अक्का आणि मी. दुपारी मी तिला म्हणाले, “तो पिक्चर लाव. सृष्टीने कसा लावला ते बघितलंस ना?”

“तू म्हणतीस?”

“मी म्हणते.”

तिने बटणं दाबत दाबत लावला. दोघी जमिनीवर बसलो, टीव्हीच्या जवळ, लहान पोरी बसतात तशा. मधलं सगळं पुढे ढकललं. पाळणा आला. दिवे आले. बारकू गर्दीतून चालत आला, गायला लागला. सदरा तोच. विजारीची टोकं दुमडलेली.

मी चष्मा पुसला. परत लावला.

ऑपरेशन झालेला डोळा कधी कधी पाणी धरतो. एखादी गोष्ट दिसते, एखादी निसटते. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. म्हणून मी अक्का काय म्हणते त्याची वाट बघत राहिले.

“वहिनी,” अक्का म्हणाली. “गळा मोकळा हाय.”

“नीट बघ.”

“नीटच बघती. हार नाय.”

सदऱ्याच्या चौकटी खालपर्यंत स्पष्ट दिसत होत्या. एक गुंडी तुटलेली, तीही दिसत होती. एक हात छातीपाशी, मूठ वळलेली, गोंडा धरावा तशी, आणि मुठीत काही नाही. तो खाली बघत होता, मग समोर. ओठ हलले.

अक्काने टीव्ही बंद केला आणि माझा डावा हात धरला. ओढला नाही, नुसता धरला.

“तो हार तिथं नाय, तर मग कुठं हाय?”

“मला काय विचारतेस?”

“तुलाच विचारायला पाहिजे. रोज डाव्या हाताचे हार फिरतात. सृष्टी तुझ्या जागेवर बसती, तुझ्या हातानं ओवती. त्याला काय कळतं ती कोण ते? तो हात बघतो, वहिनी. माणूस बघत नाय.”

“काहीही बोलू नकोस.”

“परवा ती पोर हार घालून बोहल्यावर उभी राहणार हाय! तो तिच्या गळ्यात काय घालायला आणतोय ते तुला कळत नाय? एकदा, फकस्त एकदा खरं बोल. त्या खोलीत जा आणि मोठ्यानं सांग.”

“मी काय सांगू? जे मी केलं नाही ते सांगू?”

तिने हात सोडला. “मर मग तुझ्या तोऱ्यात,” ती म्हणाली. ती उठली तेव्हा मला दिसलं की ती रडत होती.

७

आमच्यात नवरी आपली वरमाला आपल्या हाताने ओवते. हळद लागली की अंग न धुता, दुपारी, एकटीने.

मी दीपमालेला म्हणाले, या वेळी हार बाहेरून आणू. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला ताप आला असावा. “आपण माळी, आणि हार विकत आणायचा? निफाडकर काय म्हणतील, आत्या?” मग म्हणाले, मी ओवते. सृष्टी म्हणाली, “तुझी नजर, आजी. आणि तूच तर म्हणायचीस, आपली माळ दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही.”

म्हणायचे खरी.

शनिवारी हळद झाली. मांडवात स्पीकर मोठ्याने लावला होता, बायका नाचत होत्या, कढईत भजी तळली जात होती. भर दुपारचं ऊन. सृष्टी पिवळ्या साडीत, पिवळ्या हातांनी फुलांची पाटी घेऊन खोलीकडे गेली. जाताना वळून हसली.

मी दहा मिनिटं बसले असेन. मग उठले. अक्का आधीच उठली होती.

खोलीच्या दाराशी पोचलो आणि स्पीकरचा आवाज गेला. बंद नाही झाला. मागे वळून बघितलं तर बायका नाचत होत्या, हात वर, तोंडं उघडी. आवाज तेवढा आमच्यापर्यंत येत नव्हता, हंड्यावर झाकण बसवावं तसा. आतून नळाचा थेंब ऐकू आला. आणि त्याच्यामागे लाकडावर लाकूड घासल्यासारखं, सावकाश, कर्र, मग बराच वेळ काही नाही, मग कर्र.

मी दार ढकललं.

सृष्टी खिडकीखाली, आमच्याकडे पाठ करून बसली होती. डावा हात वर-खाली होत होता, सुई चालली होती. ती गुणगुणत होती, ‘आज इथं पाळणा.’ तिला काही कळत नव्हतं. तिच्या समोर, तिच्या आणि खिडकीच्या उजेडाच्या मधे, कुणीतरी उकिडवं बसलेलं होतं. विजारीची दुमडलेली टोकं ओली होती. चौकटीची एक बाही. दोन हात, वर उचललेले, आणि हातांत हार. झेंडू काळे पडलेले, शेवंती मातीच्या रंगाची. गोंडा उजवीकडे कलता. हार सृष्टीच्या डोक्यावर धरलेला होता, सैल, आणि सगळी फुलं खाली, तिच्याकडे बघत होती.

तोंड मी पाहिलं नाही. घाबरून नाही. मान तेवढी वर उचलेना.

सृष्टीला हाक मारायची सोय नव्हती. ती दचकून उठली असती तर तिचं डोकं नेमकं त्या हारात गेलं असतं.

अक्का माझ्या पुढे झाली. गुडघेदुखीची बाई, चौकट ओलांडून सरळ आत.

“तिचा नाय तो,” ती म्हणाली. तिचा आवाज भाजी घेताना असतो तेवढाच होता. “पोरगी तेव्हा जन्माला बी नव्हती. माझ्या हातचा हाय तो हार. अक्काबाईच्या. इकडं बघ.”

हात थांबले नाहीत. बोटभर खाली आले.

“ऐकतोस ना? मी केला. मी!” मग मागे न बघता मला म्हणाली, “वहिनी, तू तरी सांग ना त्याला. पंचावन्न वर्षं तेच सांगत आलीस. आता सांग, की अक्काचा हाय म्हणून.”

तिने आपले दोन्ही हात पुढे केले होते, दाखवायला. उजव्या हाताच्या बोटांवर सुईचे घट्टे. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, या हाताचा गोंडा सरळ पडतो. हार आणखी बोटभर खाली आला. सृष्टीच्या केसांना लागला असावा, कारण तिने गुणगुणता गुणगुणता मान जरा झटकली, माशी बसावी तशी.

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहिते. भीती वाटली, ती होतीच. पण त्याहून जास्त मला राग आला. अक्का खोटं बोलत होती, आणि माझ्या देखत, माझ्या हातच्या कामावर आपलं नाव घालत होती, आणि ते काम तिला जमलंही नसतं. पाच झेंडू आणि एक शेवंती, नऊ दिवस, एकाही फुलाचा फरक नाही. सबंध जत्रेत तसा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. चुकला तोही तोच हात.

मी तिच्या बाजूने पुढे गेले.

“खोटं बोलते ती,” मी म्हणाले. “तो हार माझ्या या डाव्या हातचा आहे, बारकू, पोरीला सोड आणि आण इकडे.”